तीन गोळे, एक फास

थंडीनं जाग येते. पोंचो दवानं जड झालाय, डोक्याखाली घोड्याचं खोगीर आहे आणि जिकडे मान वळवावी तिकडे गवतच गवत. झाड नाही, टेकाड नाही, बांध नाही. उजाडायला अवकाश आहे. उत्तरेच्या आकाशात मृग नक्षत्र दिसतं, पण उलटं. विषुववृत्त खूप मागे राहिलंय. मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण आपण लहानपणीच ओळखायला शिकतो. त्याच तीन ताऱ्यांना इथली माणसं तीन मारिया म्हणतात. ज्या हत्यारासाठी तुम्ही एवढे दूर आणि एवढी वर्षं मागे आलात, त्याच्या तीन गोळ्यांनाही गाउचो, म्हणजे इथले घोडेस्वार गुराखी, हेच नाव देतात: त्रेस मारीआस.

हा १८३३ चा सप्टेंबर. बाहिया ब्लांकाहून ब्वेनोस आयरेसकडे जाणाऱ्या वाटेवरची ही एक पोस्ता, म्हणजे टपालाची आणि पहाऱ्याची चौकी. जनरल हुआन मान्वेल दे रोसास यांनी दक्षिणेच्या मोहिमेसाठी अशा चौक्यांची साखळी उभी केली आहे. गवतानं शाकारलेलं खोपट, बांधलेले घोडे, मूठभर शिपाई. कुणी आफ्रिकी वंशाचा, कुणी मिश्र रक्ताचा, कुणी अँडीज ओलांडून चिलीहून आलेला. सुक्या काटेरी झुडपांचा जाळ पेटलाय आणि एकच भोपळा हातोहात फिरतोय. त्यात कडू माते आहे, धातूच्या नळीनं ओढायचा. तुमची पाळी आली की थांबून राहू नका. भोपळा रिकामा करून परत द्यायचा असतो.

तुमच्या पायांत मऊ कातड्याचे बूट आहेत. घोड्याच्या मागच्या पायाचं कातडं अखंड सोलून, ओलं असतानाच पायात चढवून हे बूट घडवतात. टाच शिवायची गरजच पडत नाही. जनावराच्या पायाचा बाक तीच टाच होते. पुढून बोटं उघडी राहतात, कारण रिकिबीत अंगठा अडकवायचा असतो.

तुम्हाला शिकवणारा माणूस म्हातारा आहे. त्याची आई या गवताळ मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी. बापाबद्दल तो बोलत नाही. तो ज्या फौजेत चाकरीला आहे, ती फौज सध्या त्याच्या आईच्या लोकांच्या वस्त्या कापत चालली आहे. आज तो ज्या हत्याराचे धडे देणार आहे, ते हत्यार त्याच लोकांचं आहे. हे मनात ठेवूनच त्याच्यापुढे उभे राहा.

तो कमरेचं ते हत्यार, बोला, सोडतो. तीन वाद्या एका गाठीत येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला कातड्यात शिवलेला गोळा असतो. दोन गोळे मोठे, सफरचंदाएवढे. तिसरा लहान आणि लांबट. त्याला मानिहा म्हणतात, तो हातात धरायचा. म्हातारा आधी दगडी गोळ्यांचा बोला तुमच्या तळहातावर ठेवतो, वजन कळू देतो आणि काढून घेतो. असा दगड जोरात बसला तर घोड्याचाही पाय मोडतो. शिकणाऱ्यासाठी त्याच्याकडे लाकडी गोळे आहेत, आकारानं मोठे पण हलके. जनावर जायबंदी न करता पकडायचं असेल तेव्हाही हेच लाकडी गोळे वापरतात. माझ्या मते या कलेची खरी पत इथे कळते. पाय मोडून जनावर पाडणं अडाण्यालाही जमेल. ते धडधाकट पकडून उद्या त्यावर खोगीर चढवता आलं पाहिजे.

फेकण्याबद्दल अवाक्षर न काढता तो तुम्हाला वाद्या चाचपायला लावतो. कच्चं कातडं भिजवून गोळ्यावर ताणतात, बारीक वादीनं शिवतात आणि वाळू देतात. वाळताना ते आकसतं आणि गोळ्याला घट्ट धरून बसतं. बोटाचं पेर शिवणीवरून फिरवा. कुठे टाका सुटला असेल तर तिथली कड नखाला लागते. मग गाठ बघा. मग वादी दोन्ही हातांनी ताणून सोडा. चरबी चोळलेली वादी सरळ लोंबते. कोरडी वादी कमरेच्या वेढ्याचा बाक धरून ठेवते, आणि असा बाक धरलेला बोला हवेत नीट फाकत नाही. दोन मोठ्या गोळ्यांच्या वाद्यांची लांबी जुळत नसेल, तरी त्याचा परिणाम पहिल्याच फेरीला जाणवतो. पुष्कळ नवशिक्यांचा हात चांगला असतो पण वादी खराब असते, आणि दोष मात्र ते दिवसभर हाताला देत राहतात.

"धर," तो म्हणतो.

तुम्ही मानिहा मुठीत घेता आणि सवयीनं वादीचा एक वेढा बोटाला देता. तो काही न बोलता तो वेढा सोडवतो. गोळे सुटतील आणि बोट मागे अडकेल, असं तो खुणेनं दाखवतो. त्याच्याच एका बोटाचं पेर वाकडं आहे. मानिहा बोटांच्या मुळाशी बसवायचा. मूठ घट्ट, पण उघडली की आत काही अडता कामा नये.

आता फिरवा. आधी उजव्या अंगाला, जमिनीला न लागेल असा झोका द्यायचा. मग हात वर, डोक्यावर. उजव्या हातानं फिरवताना गोळे मागून उजवीकडे, उजवीकडून पुढे आणि पुढून डावीकडे जातात. पहिल्याच फेरीत डोक्यावर टक् असा आवाज होतो. दोन गोळे एकमेकांवर आपटले. दुसऱ्या फेरीत पुन्हा टक्. तुम्हाला वाटतं जोर कमी पडतोय, म्हणून तुम्ही अख्खा दंड कामाला लावता आणि आवाज वाढतो.

म्हातारा तुमच्या कोपराखाली आपला तळहात धरतो. कोपर वर, आणि तिथेच. दंडानं ओढलं की गोळे पुढून जाताना हिसका बसतो आणि मागून येताना वादी ढिली पडते. या ढिलाईतच गोळे एकमेकांना भिडतात. हाताचं वर्तुळ लहान ठेवायचं आणि मूठ नेहमी गोळ्यांच्या किंचित पुढे धावती ठेवायची, म्हणजे वादी एकदाही सैल पडत नाही. तुम्ही दंड सोडून मनगटावर येता. चार-पाच वेळा फसतं. मग एकाएकी टक् टक् थांबतं आणि डोक्यावर सलग घोंघाव सुरू होतो, एका सुरात. तोंडावर वाऱ्याची झुळूक फेरीगणिक येऊन जाते. म्हातारा मान हलवतो. डोळे मिटून ऐक, असं तो म्हणतो. घोंघाव वर-खाली होत असेल तर हात हिसके देतोय. तो एकसारखा असेल तर बोला सोडण्याजोगा झाला. तीन-चार फेऱ्यांत तो सूर लागला पाहिजे. दहा-दहा फेऱ्या मारत बसणाऱ्याचं मनगट शिणतं, आणि तेवढ्या वेळात शिकार निघून जाते.

फिरण्याची पातळीही बघावी लागते. बोला अगदी आडवा फिरवला तर सुटताना थोडी चूक झाली तरी गोळा आपल्याच मानेवर येतो. फार तिरपा केला तर खालच्या बाजूला गवताला लागतो. पुढून जरा उंच, मागून जरा खाली, एवढाच कल पुरे.

मग सोडणं. इथे तुमच्या हाताला गोफणीची आठवण त्रास देते. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून कधी गोफण फिरवली असेल तर हाताला माहीत असतं की एक टोक बोटात अडकवून ठेवायचं, दुसरं सोडायचं, दगड जातो आणि गोफण हातातच राहते. बोल्यात हातात काही राहायचं नसतं. गोफणीची सवय असलेला हात सुटण्याच्या ऐन क्षणी मानिहाला किंचित धरून ठेवतो. तेवढ्यानं बोल्याला मागून हिसका बसतो, फिरकी मोडते आणि सगळं घोंगडं पंधरा पावलांवर गवतात पडतं. तुमचंही तसंच होतं. म्हातारा ते उचलून आणतो आणि तुमच्यासमोर मूठ उघडून दाखवतो, पाचही बोटं एकदम. हात मात्र मागे घ्यायचा नाही. तो नेमाच्या दिशेनं पुढे जाऊ द्यायचा.

कधी सोडायचं हे गोळ्यांना विचारावं. गोळे नेहमी वादीला काटकोनात पळत असतात. ते तुमच्या बरोबर उजवीकडे आले की त्यांची धाव समोर असते, आणि तोच सोडण्याचा क्षण. त्याआधी, ते मागून येत असतानाच मूठ उघडली तर बोला उजवीकडे जातो. उशीर झाला तर डावीकडे. चुकलेली फेक पाहून आपण काय केलं हे कळतं, फक्त तिच्याकडे तसं बघायला हवं. नवशिके उलट करतात: बोला डावीकडे गेला की पुढच्या वेळी उजवीकडे नेम धरतात. त्यामुळे सोडण्याची वेळ चुकीचीच राहते आणि आता नेमही चुकीचा होतो.

घोडे बांधायचा एक खुंट वीस पावलांवर आहे. तुमचा पहिला बोला डावीकडून जातो. दुसरा जमिनीला लागतो. तिसरा सरळ जातो, एक गोळा लाकडावर खण्णकन आपटतो, उसळतो आणि सगळा बोला पलीकडे कोसळतो. तुम्हाला आनंद होतो, नेम लागला म्हणून. म्हातारा खूश नाही. गोळा लागला म्हणजे फेक वाया गेली. लागली पाहिजे वादी. नेम गोळ्यानं धरायचा नसतो, मधल्या गाठीनं धरायचा असतो. गाठ खुंटाच्या अगदी जवळून जाऊ दे, गोळे दोन्ही अंगांनी पुढे निघून जातील आणि वादी आडवी बसेल.

पुढे काय होतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. म्हणून तो स्वतः फेकतो आणि तुम्हाला खुंटापासून दहा पावलं बाजूला उभं करतो. हातातून सुटल्यावर बोला फिरायचा थांबत नाही. मुठीत ज्या वेगानं फिरत होता, साधारण त्याच वेगानं तो हवेतही फिरतो. मानिहा हलका असल्यामुळे दोन मोठ्या गोळ्यांची बहुतेक सगळी धाव पुढे जाण्यात खर्ची पडते. तीन वाद्या फाकतात, गाठीभोवती तीन पाकळ्या उघडतात. वादी खुंटाला भिडते. गोळ्याची धाव तीच, पण वादी आता खुंटाभोवती आखूड होत चालली आहे. त्यामुळे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याहून झटपट पडतो. शेवटचे दोन वेढे डोळ्यांना दिसतच नाहीत. तीन गोळे तीन बाजूंनी येतात, एकमेकांच्या वाद्या ओलांडतात, आणि गाठ न मारता गाठ बसलेली असते. सोडवायला जा, घाईत ओढलंत तर ती आणखी आवळते. ज्या गोळ्याचा वेढा सगळ्यात वर आहे, तो आधी उलगडायचा.

अंतराचंही गणित आहे. फार जवळून फेकलं तर वाद्या फाकायला वेळच मिळत नाही आणि बोला गुंतवळ होऊन आदळतो. जमिनीवर उभा असलेला माणूस ४५-५५ मीटरपर्यंत फेकतो खरा, पण तेवढ्या लांब नेम भरवशाचा नसतो. भरधाव घोड्यावरून मात्र हाताच्या जोरात घोड्याची धाव मिसळते, आणि मग सत्तरेक मीटरवरही बोला आपलं काम करतो असं इथले लोक सांगतात.

घोड्यावर बसायची घाई तुम्हाला झालेली दिसतेय. पण त्याआधी तीनशे वर्षं आणखी मागे चला, कारण हे हत्यार घडलं तेव्हा या मुलखात घोडाच नव्हता.

१५ जून १५३६. ऐन हिवाळा. पेद्रो दे मेंदोसाच्या स्पॅनिश ताफ्यानं काही महिन्यांपूर्वीच ला प्लाता नदीच्या काठी ब्वेनोस आयरेस वसवलंय. इथल्या केरांदी लोकांनी सुरुवातीला पाहुण्यांना मासळी आणि मांस पुरवलं, मग बंद केलं. पाहुणे जबरदस्तीवर उतरले. मेंदोसाचा भाऊ दिएगो सुमारे ३०० पायदळ आणि ३० घोडेस्वार घेऊन निघालाय. ताफ्यात उल्रिख श्मिडेल नावाचा एक बव्हेरियन शिपाई आहे. पुढे तो ही हकिगत लिहून ठेवेल.

तुम्ही केरांदींच्या बाजूला, पाणथळीतल्या उंच गवतात दबून आहात. पाय घोट्यापर्यंत गार चिखलात. शेजारच्या माणसाच्या हातातला गोळा नीट पाहा: दगडाला दगडानं टोचून टोचून गोल केलाय आणि त्याच्या पोटातून एक खाच फिरवलीय, वादी बसण्यासाठी. त्यानं आजवर हा गोळा उंटाच्या कुळातल्या ग्वानाकोवर, हरणावर, न्यांदूवर फेकलाय. न्यांदू म्हणजे इथला उंच, न उडणारा पक्षी. समोरून येणारं चार पायांचं अवाढव्य जनावर त्याच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. लोखंडी कवच घातलेला माणूस त्याच्या पाठीवर बसलाय. त्या कवचाला बाण फारसं काही करत नाही.

पण जनावराला पाय आहेत.

इथे उभं राहून फेकणारा कुणी नाही. ही माणसं धावतात, जबरदस्त धावतात, आणि धावतानाच फिरवतात. पायांची धाव बोल्यात उतरते. शेवटच्या दोन ढांगांत शरीर किंचित वळतं, डावा पाय रुततो आणि मूठ उघडते. लहानशी युक्ती आहे, पण पुढे घोड्यावरून जे केलं जाईल त्याचं बीज हेच: आपली धाव फेकीला द्यायची, आणि ती देताना फिरकी ढळू द्यायची नाही. घोडे एकामागून एक गुडघ्यांवर येतात. चिखलात पडलेला कवचधारी स्वार उठायला धडपडतो. दिएगो दे मेंदोसा या लढाईतून परत जाणार नाही.

पुढच्या दोन-तीन शतकांत स्पॅनिश लोकांचे सुटलेले घोडे याच गवतावर वाढतात. मूळ रहिवासी घोडा आपलासा करतात, गाउचो त्यांच्याकडून बोला उचलतात, आणि गाउचोंच्या हातातला बोला मूळ रहिवाशांवरच फिरतो. १८३३ मधला म्हातारा शिकवताना त्यांची नावं घेत नाही. त्याचा हात मात्र त्यांच्याच हातासारखा उघडतो. मी हे पान लिहायला घेतलं ते त्यासाठीच: गाउचोच्या चित्रात हे हत्यार इतकं रंगवलं गेलंय की ते ज्यांनी घडवलं त्या लोकांची नावं चित्राबाहेर राहिली.

या वळणाला आणखी एक पदर आहे. तुम्ही चौकीवर परत आलात की जाळाजवळ कुणीतरी जनरल होसे मारिया पास यांचा विषय काढेलच. रोसासच्या विरोधातला सर्वांत हुशार सेनानी, एक हात लढाईत कायमचा निकामी झालेला. दोनच वर्षांपूर्वी, १० मे १८३१ ला, कोर्दोबा प्रांतात एल तिओजवळ तो टेहळणीसाठी पुढे गेला आणि शत्रूच्या तुकडीला आपलीच समजून फार जवळ पोचला. चूक लक्षात येऊन त्यानं घोडा वळवला, तेवढ्यात एका शिपायानं घोड्याच्या पायांत बोला टाकला. जनरल जमिनीवर आला आणि कित्येक वर्षांसाठी कैदेत गेला. अख्ख्या आघाडीचं पारडं एका फेकीनं फिरलं. जाळाभोवतीच्या लोकांना राजकारणापेक्षा त्या फेकीचंच जास्त कौतुक असतं: पळत्या घोड्याचे मागचे पाय, आणि पाठलाग करणाऱ्याला तेवढेच दिसतात. घोडा रेटा घेतो तोही मागच्याच पायांनी. म्हणून नेम तिथे.

यासाठी गाउचोला पडायलाही शिकावं लागतं. घोड्याच्या पायांत बोला आला आणि घोडा कोलमडला की स्वारानं त्याच्या मानेवरून पुढे उडी टाकून लगाम हातात ठेवून उभं उतरायचं. पाठीमागे पट्ट्यात खोचलेला सुरा काढून वाद्या कापायच्या आणि पुन्हा स्वार व्हायचं. पोरं हे खेळ म्हणून शिकतात.

सकाळ वर आलीय. आता घोडा.

याच वर्षी मे महिन्यात, नदीपलीकडे माल्दोनादोच्या बाजूला, एका चोविशीतल्या इंग्रजानं बोला फिरवायचा प्रयत्न केला. चार्ल्स डार्विन त्याचं नाव. बीगल जहाजावरून आलाय आणि याच सप्टेंबरात याच चौक्यांच्या वाटेनं ब्वेनोस आयरेसकडे चाललाय. त्याचं निरीक्षण अचूक आहे: जमिनीवर उभ्यानं ही कला कुणालाही लवकर येईल, खरी अडचण आहे ती भरधाव जाताना आणि अचानक वळताना फिरकी स्थिर ठेवण्याची. त्याला हे अनुभवानं कळलं. दौडत बोला फिरवत असताना मोकळा गोळा एका झुडपाला लागला. फिरकी तिथेच मेली, गोळा खाली आला आणि त्याच्याच घोड्याच्या मागच्या पायाला वेढा घालून बसला. दुसराही गोळा हातातून हिसकला गेला. घोडा जुना, मुरलेला होता, म्हणून लाथा न झाडता उभा राहिला. भोवतालचे गाउचो हसून लोटपोट झाले. सगळी जनावरं पकडलेली पाहिली, पण स्वतःलाच पकडणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय, असं ते ओरडले.

ही चूक बारकाईनं पाहण्यासारखी आहे. हात चुकला नव्हता. बोला फिरत असतो तेव्हा माणसाभोवतीचं एक मोठं वर्तुळ त्याच्या मालकीचं झालेलं असतं. त्या वर्तुळात झुडूप, घोड्याचा कान, शेजारचा स्वार, काहीही आलं की फिरकी मरते. मेलेल्या फिरकीचा बोला जवळात जवळच्या पायाला धरतो, आणि घोड्यावर असताना तो पाय कुणाचा असणार हे उघड आहे. म्हणून घोड्यावर वर्तुळ आणखी वर उचलायचं, शरीर उजवीकडे किंचित झुकवायचं आणि डाव्या हातातला लगाम आखूड ठेवायचा. घोडा वळला तर आधी वर्तुळ सांभाळायचं, मग नेम. वर्तुळ मोडणार असं वाटलं तर गोळे आवरायला जायचं नाही, रिकाम्या रानात सोडून द्यायचे. फेक वाया जाईल, घोडा वाचेल.

दुसरी गोष्ट घोड्याच्या चालीची. दौडीत शरीर वर-खाली होतं, आणि नवखा माणूस ते धक्के थेट मनगटात उतरू देतो. पुन्हा ती टक् टक्. म्हातारा तुमच्या बाजूनं घोडा चालवत तुमच्या गुडघ्याला चाबकाच्या दांड्यानं टोचतो. धक्का तिथे जिरवायचा, मांड्यांत. खांद्याच्या वर काही पोचता कामा नये. पाऊण तास तुम्ही बोला न सोडता नुसता फिरवत दौडता. मनगट पेटतं. मग घोंघाव पुन्हा एकसुरी होतो आणि घोड्याच्या टापा त्याखाली वेगळ्या ऐकू यायला लागतात.

दुपारी न्यांदू दिसतात. पाच, राखी, गवतात माना उंच करून. स्वार पांगतात आणि मोठी चंद्रकोर धरून दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात. आता तुमच्या हातात दुसरा बोला आहे: फक्त दोन गोळे, मध्ये आठ फूट लांबीची एकच वेणलेली बारीक वादी. न्यांदूसाठी हाच. एक गोळा मुठीत, एक डोक्यावर. पक्षी बिथरतात, वाऱ्याच्या तोंडावर धावतात आणि पळताना पंख पसरतात. घोडा जवळ येतो आणि पक्षी एकदम काटकोनात वळतो. घोड्याला तेवढं आखूड वळता येत नाही. पुन्हा जवळ, पुन्हा वळण.

न्यांदू वळून सरळ धावायला लागतो, त्याच दोन-चार क्षणांत सोडायचं. आणि तो आहे तिथे सोडायचं नाही. बोला पोचेपर्यंत तो जिथे गेलेला असेल तिथे सोडायचं. घोंघाव चांगला आहे, पक्षी सरळ धावतोय, अंतर तीस पावलं. समोर गवताचा एक मोठा झुबका येतो. तुम्ही त्याच्याकडे बघता. मूठ उघडते. बोला सुंदर फाकतो, सरळ जातो, आणि न्यांदूच्या शेपटीमागे दोन हातांवर जमिनीत शिरतो.

डावीकडून आफ्रिकी वंशाचा तो तरणा शिपाई येतो. त्याचा हात फारसा हललेला दिसतच नाही. वादी पक्ष्याच्या दोन्ही पायांना आडवी बसते आणि पळता पक्षी पिसांचा ढिगारा होऊन कोलांटतो.

परतताना गवतात अंडी सापडतात. काही घरट्यात, काही अशीच एकेकटी पडलेली. त्यांना इथे वाचो म्हणतात, अनाथ. ती कधी उबत नाहीत, म्हणून जेवणासाठी तीच उचलायची. एकेका अंड्याचं वजन कोंबडीच्या अकरा अंड्यांएवढं असतं, तेव्हा दोन पुरेत.

पण त्याआधी तुमचा बोला शोधायचाय, आणि या धंद्यातला बराच वेळ यातच जातो हे शिकारीच्या गोष्टींत कुणी सांगत नाही. उंच गवतात कातड्याच्या रंगाची वादी दोन पावलांवरूनही दिसत नाही. तुम्ही फेकून लगेच पक्ष्यामागे पाहिलंत, त्यामुळे बोला नेमका कुठे शिरला ते डोळ्यांत राहिलं नाही. म्हाताऱ्यानं मात्र तुम्ही मूठ उघडलीत त्या जागी आपली टोपी टाकून ठेवलीय. टोपीपासून तुमच्या फेकीच्या दिशेनं दोघं सरळ रेषेत चालायला लागता, घोडे मागे, नजर खाली. पुष्कळ वेळानं त्याच्या बुटातून उघड्या राहिलेल्या बोटांना वादी लागते. तो वाकतो, वादी ओढून काढतो, चिखल पुसतो, शिवणीवरून अंगठा फिरवतो. एक टाका उसवलाय. तो दातांनी धागा आवळतो आणि बोला तुमच्या हातात देतो.

"हात बरा होता," तो म्हणतो. "तुझे डोळे गवतात होते. गवत बघायचं काम घोड्याचं आहे. तू पाय बघ."

उरलेले चार न्यांदू नाल्यापलीकडे थांबलेत. चंद्रकोर पुन्हा धरायची आहे. तो तुम्हाला डाव्या टोकाला पाठवतो. तिथून वारा तोंडावर येतो, आणि पक्षी तिकडेच धावतील.